अंधेरी ते उत्तन : बर्फ न पडलेल्या मुंबईतलं हिमयुग

मुंबईत हिमयुगाच्या खुणा बघायला निघालोय म्हटलं की समोरचा हसतो. बरोबरच आहे, इथे बर्फ कधी आलाच नाही. हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला खडक महाराष्ट्रात बघायचा तर चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा-पैनगंगेच्या परिसरात इरईकडे जावं लागतं. ती हिमनदीसुद्धा सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे मुंबईचा एकही दगड तयार होण्याच्या कितीतरी आधीची.

पण समुद्र कुठवर यायचा हे मुंबईत ठरवलं ते बर्फानेच, आणि तेही हजारो किलोमीटर लांबच्या. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी कॅनडा आणि उत्तर युरोपवर दोन-तीन किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर होते. तेवढं पाणी जमिनीवर अडकल्यामुळे जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा समुद्रतळ रुंद आणि उथळ आहे, त्यामुळे किनारा पश्चिमेला २०० किलोमीटरहून जास्त लांब गेला होता. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, पाऊणशे मीटर पाण्यात आहे. तेव्हा तिथे चालत जाता आलं असतं.

हे सगळं डोक्यात ठेवून जानेवारीत हा फेरफटका आखला, आणि आखताना कॅलेंडरात सुट्ट्यांआधी तिथी बघितल्या.

भरतीचं गणित आधी सांगतो, कारण त्यावाचून निम्मी ठिकाणं पाण्याखाली सापडतील. मुंबईत तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती. तिच्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आखणीला पुरतं. कातळ बघायचा तर उधाणाचे दिवस धरा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन-तीन दिवस. तेव्हा भरती जशी मोठी तशी ओहोटीही खोल जाते, आणि मुंबईत ती नेमकी सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते. उन्हाच्या दृष्टीनेही ते सोयीचं. भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमी-नवमीला, ओहोटी भर दुपारी येते आणि पाणी फारसं ओसरतही नाही.

पहिला दिवस (चतुर्दशी) : गिल्बर्ट हिल, जोगेश्वरी

अंधेरी पश्चिमेला स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला गिल्बर्ट हिलचं गावदेवी मंदिर सांगायचं. गल्ली वळते आणि इमारतींच्या मधून एकदम काळा सुळका उभा राहतो. उंची सुमारे ६१ मीटर. बहुतेक जण थेट पायऱ्या चढून देवळात जातात. तसं करू नका. आधी पायथ्याशी जिथून खडकाची उभी भिंत पूर्ण दिसेल अशी जागा शोधा, कारण खरी गंमत भिंतीत आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गेलेले सरळ उभे स्तंभ एकमेकांना चिकटून उभे आहेत.

लाव्हा गोठला तरी बराच वेळ तापलेलाच असतो आणि निवताना आकसतो. तळ्यातला चिखल वाळताना भेगाळतो तशा भेगा पडतात. फरक एवढाच, की इथे जसजशी आतली धग कमी होत जाते तसतशी प्रत्येक भेग आत-आत सरकते. त्यातून पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. इथे ते उभे आहेत, म्हणजे निवणारा पृष्ठभाग आडवा होता. खांब जाड असतील तर खडक सावकाश निवला, बारीक असतील तर पटकन.

टेकडी मुळात अशी सुळक्यासारखी नव्हती. आजूबाजूचा दगड खाणींनी नेला आणि मधला भाग उरला. १९५२ साली तिला संरक्षण मिळालं आणि २००७ मध्ये महापालिकेने ती दुसऱ्या श्रेणीच्या वारसा यादीत घेतली.

वय मात्र सगळीकडे ६.५ किंवा ६.६ कोटी वर्षं असं छापलेलं सापडेल. आर्गॉन पद्धतीने या खडकाचं मोजलेलं आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेलं वय सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं आहे. हा फरक किरकोळ नाही. सह्याद्रीचे थरावर थर चढले ते ६.६ कोटी वर्षांच्या आसपास. मुंबईचे बरेच खडक त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी, भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा सुटत असताना बाहेर आले. म्हणूनच खंडाळ्याच्या घाटात न दिसणारे ट्रॅकाइट, रायोलाइट असे फिकट रंगाचे खडक मुंबईत सापडतात.

पायऱ्या खडकातच खोदलेल्या आहेत, दहा मिनिटांत माथा. देवळाच्या आवारात एक आजी हार ओवत बसल्या होत्या. खाली बोट दाखवून म्हणाल्या, "पूर्वी इथून सरळ वर्सोव्याचं पाणी दिसायचं, आता टॉवर दिसतात." टॉवरांच्या फटीतून अजूनही अंदाज येतो. पश्चिमेचा सगळा भाग सपाट, समुद्रापासून जेमतेम उंच. वर्सोवा म्हणजे वाळूचा दांडा, त्याच्या मागे मालाडची खाडी. ही सपाटी काही हजार वर्षांची, आणि पायाखालचा खडक सहा कोटींचा.

पावसाळ्यात भिंतीच्या अगदी खाली उभं राहू नका, दगड सुटतात. आणि आजूबाजूला वस्ती आहे, फोटो काढताना लोकांच्या दारा-खिडक्यांचं भान ठेवा.

दुपारी गल्लीतच उभ्याने वडापाव खाऊन जोगेश्वरीची लेणी. सहाव्या शतकातलं हे प्रचंड शैव लेणं वस्तीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून आत जावं लागतं. मूर्ती इतक्या झिजल्यात की ओळखायला वेळ लागतो. लोक पावसाला आणि दुर्लक्षाला दोष देतात, पण निम्मा दोष खडकाचा आहे. हा एकसंध बसाल्ट नव्हे, ब्रेशिया आहे. ज्वालामुखीच्या राखेत वेगवेगळ्या खडकांचे अणकुचीदार तुकडे अडकून घट्ट झालेला. राख मऊ, तुकडे कडक. पाणी मुरलं की राख आधी झडते आणि तुकडे निखळतात. खांबाजवळ टॉर्च तिरका धरा, तुकड्यांच्या कडा लगेच उठून दिसतात. समोरून उजेड टाकलात तर काहीच दिसणार नाही.

दुसरा दिवस (पौर्णिमा) : कान्हेरी

राष्ट्रीय उद्यान आणि लेणी सोमवारी बंद. बोरिवलीच्या मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, उद्यानाची बस मिळते. सकाळी हवेत छान गारवा होता. पायथ्याशी पेरू आणि काकडी तिखट-मीठ लावून मिळतात. वर नेऊ नका, माकडं पिशवीसकट नेतात.

इथेही खडक ब्रेशियाच, पण जोगेश्वरीपेक्षा टणक. शंभराहून जास्त लेणी आणि जवळपास प्रत्येक विहाराच्या दाराशी पाण्याचं टाकं. उतारावर खोदलेले बारीक पन्हळ शोधा, पावसाचं पाणी त्यातून टाक्यात येतं. खडकात भेगा फार असत्या तर ही टाकी टिकलीच नसती. एका टाक्यापाशी रखवालदार सांगत होते, काही टाक्यांत मे महिन्यापर्यंत पाणी असतं.

माथ्यावरून आजूबाजूच्या डोंगरांचे उतार बघा. सह्याद्रीत लाव्हाचे थर आडवे, रचलेल्या चळतीसारखे सरळ. मुंबईत तेच पश्चिमेकडे कललेले आहेत. कल्याण-पनवेलच्या बाजूने उत्तर-दक्षिण अशी एक मोठी वाक गेली आहे, तिला पनवेल वाक म्हणतात. किनाऱ्याची बाजू खचली, थर वाकले आणि समुद्राखाली गेले. पुढे समुद्र वर आल्यावर पाणी कुठे घुसायचं आणि कुठे अडायचं, हे या कललेल्या थरांच्या कण्यांनी, म्हणजे उंच उरलेल्या रांगांनी, ठरवलं. कणे उरले ते टेकड्या आणि बेटं झाली, मधल्या दऱ्या खाड्या झाल्या.

तिसरा दिवस (प्रतिपदा) : वांद्रे, वरळी, फोर्ट, गोदी

सगळ्यात भरगच्च दिवस. सकाळी सातला वांद्र्याच्या बँडस्टँडला पोचलो तेव्हा पाणी तळाला गेलेलं. समोर काळ्या कातळाचा जवळजवळ सपाट ओटा उघडा पडतो. शाळेच्या भूगोलात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. लाटा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडक झिजवत राहतात, पण ओटा तयार व्हायला समुद्र हजारो वर्षं साधारण त्याच पातळीला थांबावा लागतो. गेली सहा-सात हजार वर्षं तो तसा थांबलेला आहे. शिवाय सव्वा लाख वर्षांपूर्वी, दोन हिमयुगांच्या मधल्या उबदार काळातही समुद्र आजच्या पातळीपेक्षा काही मीटर वरच होता, त्यामुळे असे ओटे एकाच फेरीत कोरले गेले असं धरून चालू नये.

शेवाळावर चप्पल घालून जाऊ नका, खोबणीच्या तळव्याचे बूट घाला. पाणी वळायच्या वेळेआधी अर्धा तास परत फिरा. उधाणाला भरती झपाट्याने चढते आणि मागच्या खोलगट भागातून वळसा घालून येते, समोर बघत असलेल्या माणसाला मागची वाट बंद झाल्याचं उशिरा कळतं. पावसाळ्यात हा ओटा विसराच.

वरळीत बघायला कमी, समजून घ्यायला जास्त. वरळीच्या टेकडीच्या बसाल्टखाली गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचा काळपट थर आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे उथळ तळी होती. त्या थरात छोट्या बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म सापडले. बेडकाचं वर्णन लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं, आज त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. मुंबईत डॉक्टर असलेले हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर सविस्तर निबंध लिहिला. आता हा थर उघडा सापडणं म्हणजे एखाद्या इमारतीच्या पायाचं खोदकाम नेमकं त्या वेळी चालू असणं. बांधकामाच्या पत्र्याआड डोकावून मुकादमाशी बोललात तर तो "वर काळा पत्थर, खाली मऊ लागतं" एवढं नक्की सांगेल, आणि ते बरोबर असतं.

गिरगावात थालीपीठ आणि पियुष. पोट भरल्यावर फोर्ट.

या प्रवासातलं सगळ्यात मोठं आश्चर्य इथे आहे, आणि रोज हजारो लोक त्याच्या शेजारून जातात. फोर्टातल्या गॉथिक इमारतींच्या भिंती स्थानिक दगडाच्या आहेत. राजाबाई टॉवरला पिवळसर कुर्ला दगड, गेटवेला खारोडीचा पिवळा बसाल्ट. पण बारीक कोरीवकाम, पानं-फुलं, खांबांचे माथे बऱ्याच ठिकाणी पोरबंदरच्या फिकट, मऊ दगडात आहेत. दहापट भिंग घेऊन हात न लावता जवळून बघा. वाळूएवढे गोलसर दाणे दिसतील, त्यातले बरेच सूक्ष्म सागरी जीवांचे कवच आहेत. या दगडाला मिलिओलाइट म्हणतात, आणि हे नाव वापरात आणणारे तेच वरळीचे डॉक्टर कार्टर.

यातला बराच दगड हिमयुगांच्या काळात वाऱ्याने तयार केलेला आहे. समुद्र खाली गेला की सौराष्ट्रासमोरचा शिंपल्यांच्या वाळूने भरलेला तळ उघडा पडायचा, वारा ती वाळू आत नेऊन तिच्या टेकड्या करायचा, आणि पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या चुन्याने ती पुढे घट्ट व्हायची. म्हणजे मुंबईत हिमयुगाचा प्रत्यक्ष दगड बघायचा असेल तर जंगलात नको, ओव्हल मैदानासमोर जा. चुनखडीच असल्यामुळे हा दगड शहराच्या आम्लधर्मी हवेत लवकर खाल्ला जातो. नाकं-बोटं गेलेल्या मूर्ती बहुधा याच दगडाच्या. पदपथावर एका जुन्या इमारतीची डागडुजी करणारे कारागीर भेटले. त्यांचं म्हणणं, नवा मालाड दगड मिळणं आता कठीण, जुन्या पाडलेल्या इमारतींचाच उतरवून वापरतो.

संध्याकाळी मस्जिद बंदरच्या बाजूने प्रिन्सेस डॉकच्या भिंतीपर्यंत. आत प्रवेश नाही, आणि बाहेरून गोदीची भिंत आणि ट्रक याशिवाय काही दिसत नाही. तरी इथे यायलाच हवं. १८७०च्या दशकात ही गोदी खोदताना निळसर-काळ्या चिकणमातीच्या जाड थराखाली जंगल सापडलं. तीनशेवर झाडं, त्यातली निम्म्याहून जास्त मुळांसकट जागच्या जागी उभी, मुळं खालच्या मुरमात रुतलेली. झाडं बहुतेक खैराची. खैर हे कोरड्या जमिनीचं झाड, खाऱ्या चिखलात तो उगवूच शकत नाही. आजच्या ओहोटीच्याही खाली असलेली ती जागा एके काळी रान होती, याचा इतका सरळ पुरावा मुंबईत दुसरा नाही. त्या काळच्या इंजिनिअरांनी जमीन खचली असं मानलं. जमिनीची हालचाल इथे झालेली आहे, ते नाकारता येत नाही. पण बर्फ वितळून समुद्र १२० मीटर चढला हे कळल्यावर सगळा भार खचण्यावर टाकायचं कारण उरत नाही.

चढण्याचा वेगही बघण्यासारखा आहे. सरासरी वर्षाला १ सेंटीमीटर. ऐकायला काहीच नाही. पण मुंबईसमोरच्या तळाला उतार किलोमीटरमागे साधारण अर्धा-पाऊण मीटर, म्हणून पाणी दरवर्षी पंधरा-वीस मीटर जमीन खात पुढे आलं. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी काही शतकं हा वेग सरासरीच्या तीन-चारपट झाला होता. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला आपल्या आयुष्यात एक-दोनदा तरी झोपडी मागे हलवावी लागली असणार.

चौथा दिवस (द्वितीया) : मनोरी, गोराई, उत्तन

पावणेआठची ओहोटी गाठायची म्हणून पहाटे मालाडहून मार्वे, आणि तिथून तरीने मनोरी. खाडी ओलांडायला पाच-दहा मिनिटं. ऐन ओहोटीला पाणी फार खाली गेलेलं असेल तर तरीत चढता-उतरताना चिखलात पाय घालावा लागतो, मोजे पिशवीत ठेवा.

ही खाडी, वसईची खाडी, ठाण्याची खाडी, सगळ्या बुडालेल्या दऱ्या. समुद्र खाली होता तेव्हा त्यांतून ओढे वाहायचे. पाणी चढलं, दरी भरली, आणि मग भरतीने आणलेल्या गाळाने ती उथळ होत गेली. उल्हास वसईच्या खाडीत गाळ आणते, पण ठाण्याच्या खाडीला मोठी नदी नाही, तिथला चिखल मुख्यतः भरती-ओहोटीच फिरवते. त्या चिखलावर तिवरं उभी राहतात, तिवरांनी गाळ अडवला की खाजण होतं. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) किंवा शिवडीत पाया घालायचा तर आधी याच मऊ चिकणमातीतून खाली जाऊन खडक गाठावा लागतो.

मनोरीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या ओळी, आणि वास. एक कोळीण मावशी बोंबील उलटे अडकवत होत्या. शिंपल्यांचा खडक कुठे दिसेल विचारल्यावर हात न थांबवता म्हणाल्या, "आज दिसंल. भांगाला आला असतास तर पाय बुडवून परत गेला असतास."

हा खडक ओळखायला शिकणं महत्त्वाचं, कारण पहिल्या नजरेत तो कुणीतरी ओतलेलं काँक्रीट वाटतो. वाळू आणि शिंपले चुन्याने सांधले जाऊन त्याच्या फरश्या बनलेल्या असतात. उबदार किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळूतलं पाणी बाष्प होऊन जातं, विरघळलेला चुना दाण्यांच्या मध्ये बसतो, आणि काही दशकांतसुद्धा वाळूचा दगड होऊ शकतो. खूण अशी : फरश्या समुद्राच्या बाजूला हलक्या कललेल्या असतात, मूळ पुळणीच्याच उताराने. गळून पडलेल्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे येतात. सिमेंटवरही येतात, म्हणून नुसत्या लिंबावर जाऊ नका, शिंपल्यांचे थर बघा.

हा खडक भरतीच्या पट्ट्यातच बनतो, म्हणून तो आजच्या भरतीरेषेच्या वर सापडला की तिथे कधी काळी समुद्र आजच्यापेक्षा वर होता किंवा जमीन उचलली गेली, असा अर्थ निघतो. कोकण किनाऱ्यावर अशा खुणा आहेत. वय काढताना मात्र फसगत होते. कार्बन पद्धतीने वय येतं ते शिंपल्याचं, आणि लाटांनी आणलेला शिंपला खडक होण्याआधी शेकडो वर्षं इकडेतिकडे लोळलेला असू शकतो. म्हणून एका नमुन्यावरून समुद्राची पातळी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. हातोडा आणू नका. फरश्या थोड्याच उरल्यात, आणि पुळणीची धूप अडवण्याचं काम त्या फुकटात करतात.

गोराईमार्गे उत्तनपर्यंत रिक्षा मिळते. मधे एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या, घरी जेवण मिळालं : तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि गरम फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. फुगे सकाळीच सांगून ठेवावे लागतात. पीठ आंबायला वेळ घेतं.

उत्तनच्या डोंगरीवर शेवटचा खडक, रायोलाइट. गिल्बर्ट हिलसारखेच खांब, पण काळे नाहीत, फिकट. सिलिका जास्त असलेला हा लाव्हा घट्ट, सावकाश सरकणारा. बसाल्ट शंभर किलोमीटर पसरतो, हा फार लांब जात नाही, जागच्या जागी जाड होतो. म्हणून मढपासून उत्तनपर्यंतची टोकं समुद्रात टिकून राहिली आणि त्यांच्या मधल्या मऊ भागांत पुळणी बसल्या. जुन्या खाणींच्या कडा ठिसूळ आहेत, काठावर जाऊ नका. मार्वेजवळच्या आक्सा किनाऱ्यावर तर पाण्यात उतरूच नका, तिथे ओहोटीचा प्रवाह आणि तळाची खचणारी वाळू दरवर्षी बळी घेतात.

परतीला उत्तनहून भाईंदरची बस. खिडकी मिळाली तर मिठागरं दिसतील. खाजणात बांध घालून केलेली ही सपाट वाफ्यांची शेती पूर्णपणे उधाणावर चालते. भरतीला उघडी दारं ठेवून पाणी मोठ्या खाचरात घेतात, दार लावतात, आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सरकवत आटवतात. भांगाच्या भरतीचं पाणी त्या दारापर्यंत चढतच नाही.